बीबीच्या थांब्यावर एसटी थांबलीच पाहिजे

लोणार तालुक्याला एसटीचे आगार नाही. बुलढाणा विभागात सात आगारे आहेत: बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर, शेगाव आणि जळगाव जामोद. सरोवरामुळे जगभर नाव झालेला आपला तालुका या यादीत नाही, आणि जिजाऊंचे सिंदखेडराजाही नाही. त्यामुळे मेहकर–जालना रस्त्यावरच्या बीबीला जी गाडी मिळते ती नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी आगाराच्या वेळापत्रकातली असते. गाड्या कमी पडल्या, चालक कमी पडला, डिझेल आले नाही, की कोणती फेरी रद्द करायची ते तिकडे ठरते. इकडे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. तो फक्त वाट पाहतो.

थांब्यावर कोण उभे असते ते एकदा नीट बघा. ज्याच्या दारात मोटरसायकल आहे तो केव्हाच निघून गेलेला असतो. उरतात त्या किनगाव जट्टूकडच्या, सोमठाण्याकडच्या शाळा-कॉलेजच्या मुली, ग्रामीण रुग्णालयात गोळ्या आणायला निघालेली म्हातारी माणसे, माहेरी निघालेल्या लेकुरवाळ्या बाया, जालन्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरे आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर गाठोडे घेतलेला शेतकरी. या माणसांना एसटीला दुसरा पर्याय नाही. काळीपिवळी आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि संध्याकाळी सहानंतर एकट्या मुलीला तिच्यात बसवायला कुठल्याही आईचा जीव धजावत नाही.

ही एसटी वाचवायला हवी, आणि ती वाचवायची तर गाडीत बसणाऱ्याने गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने उभे राहायला हवे, हे सांगण्यासाठी हा लेख. आजवर आपण या दोघांना वेगळे मोजत आलो. प्रवासी कंडक्टरवर खेकसतो, कंडक्टर प्रवाशावर, आणि ज्यांनी दोघांचेही हाल केले ते मुंबईत बसून तोट्याचे आकडे वाचून दाखवतात.

मुक्कामी गाडी तुम्ही पाहिली आहे. रात्री शेवटची फेरी घेऊन ती गावात येते, देवळापाशी किंवा शाळेपाशी उभी राहते, आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. तिचे चालक-वाहक रात्री झोपतात कुठे? बहुतेक गावांत गाडीतच. तिघांच्या सीटवर अंग दुमडून पडायचे, नाहीतर मधल्या वाटेत सतरंजी टाकायची. पायाशी मच्छर अगरबत्ती, उशाशी तिकिटाचे मशीन आणि दिवसभराच्या रोकडीची बॅग. बॅग उशाशी घ्यावीच लागते, कारण हिशेबात पैसे कमी भरले तर तूट त्याच्याच खिशातून जाते. पावसाळ्यात टपाची गळती सुरू झाली की अंथरूण या सीटवरून त्या सीटवर. पहाटे हातपंपावर तोंड धुवायचे, संडासाची सोय जिथे मिळेल तिथे बघायची, आणि गावातल्या कुणी चहा दिला तर तो घेऊन डबल बेल द्यायची. रात्रवस्तीचा भत्ता तुटपुंजा आहे म्हणून कर्मचारी संघटना वर्षानुवर्षे ओरडत आल्या आहेत. त्या पहाटेच्या गाडीने आपली पोर वेळेवर वर्गात पोचते. तिला पोचवणारा माणूस रात्री कसा झोपला हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले?

आता पगाराचे बघू. २०२१ साली एसटीत नव्याने लागलेल्या चालक-वाहकाच्या हातात सारे धरून सतरा हजारांच्या आसपास पगार पडत होता, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. पन्नास माणसांचा जीव ज्याच्या हातात, त्याचा हा पगार. कोविडच्या दोन वर्षांत हे लोक मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवत होते, मुंबईत बेस्टच्या मदतीला जाऊन गाड्या चालवत होते, आणि घरी किराणावाल्याची उधारी वाढत होती. त्यातूनच ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी संप पेटला. मुख्य मागणी होती, महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण करा. सरकारने नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली, पण विलीनीकरणाला शेवटपर्यंत नकार दिला. हजारो जणांना बडतर्फ केले. संपाच्या काळात कितीतरी कर्मचाऱ्यांनी जीव दिला. अखेर एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितले, कारवाई करू नका असे महामंडळाला बजावले, आणि गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या.

ते जवळजवळ सहा महिने खेड्यांनी फार सोसले. शाळा कोविडनंतर नुकत्या उघडल्या होत्या आणि गाडीच नव्हती. कुणाची परीक्षा हुकली, कुणाचे शिक्षण सुटले, कुणाचे लग्न उरकले गेले. त्या वेळी गावोगाव राग होता, आणि तो संपकऱ्यांवर होता. राग समजण्यासारखा होता, पण त्याचा रोख चुकला. गाडी बंद पाडण्याची पाळी ज्या पगाराने आणली, तो पगार कुणी ठरवला होता? विलीनीकरण अशक्य आहे असे तेव्हा सांगण्यात आले. आंध्र प्रदेशाने मात्र १ जानेवारी २०२० पासून आपल्या परिवहन महामंडळाचे पन्नास हजारांहून अधिक कर्मचारी सरकारी सेवेत घेतलेले होते. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी कायदाच केला. जे विजयवाड्यात जमते ते मुंबईत का जमत नाही, याचे सरळ उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

सगळ्यात जास्त मनाला लागणारी गोष्ट एप्रिल २०२५ मधली आहे. ती नीट समजून घ्या, कारण तिच्यात सगळा खेळ दिसतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पूर्ण मोफत. चांगल्या योजना आहेत, त्या राहिल्याच पाहिजेत. ज्या बाया नवऱ्याकडे भाड्याला पैसे मागायला संकोचत होत्या त्या या अर्ध्या तिकिटाने माहेरी, दवाखान्यात, बँकेत एकट्या जाऊ लागल्या. या सवलतीचा उरलेला अर्धा पैसा सरकारने महामंडळाला भरून द्यायचा असतो. सरकारने घोषणा केली, फलक लावले, पण पैसे द्यायची वेळ आली की हात आखडला. मार्च २०२५ चा पगार एप्रिलमध्ये झाला तेव्हा एसटी कर्मचाऱ्यांच्या खात्यात फक्त ५६ टक्के रक्कम पडली. ओरड झाल्यावर उरलेल्यासाठी पैसे सोडले गेले. म्हणजे बीबीच्या बाईला दिलेली सवलत त्या महिन्यात मेहकरच्या कंडक्टरच्या पोरांच्या ताटातून गेली. ना बाईला हे ठाऊक, ना त्यात तिची काही चूक. पण मग "बायकांना फुकट फिरवता म्हणून एसटी बुडाली" असे बोलणारे तोंड वर करतात, आणि आपण माना डोलावतो. त्या बोलण्याला थारा देऊ नका. सवलत देणाऱ्याने आपली उधारी वेळेवर चुकती करावी, एवढा साधा हिशेब आहे.

आणखी एक हिशेब आहे. पगारातून भविष्य निर्वाह निधीचे पैसे दर महिन्याला कापले जातात. ते पैसे आणि ग्रॅच्युइटीची रक्कम त्या त्या ट्रस्टकडे वेळेवर भरलीच गेली नाही, आणि थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली. पोरीचे लग्न ठरलेला, आईचे ऑपरेशन काढलेला चालक स्वतःच्याच पैशांच्या उचलीसाठी अर्ज करतो आणि थांबतो. एखाद्या खाजगी कारखानदाराने कामगाराच्या पगारातून पैसे कापून ते भरले नसते तर आपण त्याला काय म्हटले असते? सरकारच्या मालकीच्या महामंडळाला तेच माप लावले पाहिजे.

मग तोटा का होतो? जून २०२५ मध्ये खुद्द परिवहन मंत्र्यांनी काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. आकडा मोठा आहे, तो मी लपवणार नाही. पण एसटीच्या तिकिटावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. डिझेलवरचा कर वेगळा, रस्त्यावरचा टोल वेगळा. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलतीचे पैसे थकवायचे, आणि वर एसटी तोट्यात आहे म्हणून २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढवायचे, असे चालले आहे. साध्या गाडीच्या सहा किलोमीटरच्या टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होते, ते १० रुपये ५ पैसे झाले. मजुरीला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. त्याचे कलम १८ पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरवते. कलम २२ व्यापारी तत्त्वांवर कारभार करायला सांगते. गेली अनेक वर्षे आपल्याला फक्त कलम २२ ऐकवले जाते. भारमान कमी आहे, किलोमीटरमागे उत्पन्न नाही, म्हणून फेरी बंद. कलम १८ विचारायला कुणी पुढे येत नाही, कारण ते विचारायचे असते प्रवाशाने. आणि "महामंडळ स्वायत्त आहे, आम्ही काय करणार" असे मंत्रालयातून कुणी म्हणाले तर त्याला कलम ३४ दाखवा. भरती, सेवाशर्ती, वेतन याबद्दलही महामंडळाला आदेश देण्याचा अधिकार त्या कलमाने राज्य सरकारला दिलेला आहे.

एसटी मोडली तर काय येईल, हे आपल्या जिल्ह्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. जमिनी आपल्या गेल्या. त्यावर खेड्यातली फेरी थांबत नाही, दुचाकीला तिथे मज्जाव आहे. धावतात त्या नागपूर–पुण्याच्या खाजगी स्लीपर गाड्या. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात अशी एक गाडी उलटून पेटली आणि २५ माणसे आत होरपळून गेली. बीबीपासून ते ठिकाण दूर नाही. रात्रीच्या रात्री शेकडो किलोमीटर चालवणाऱ्या खाजगी चालकांचे कामाचे तास कोण मोजतो? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास असा नियम चालत आला आहे. खाजगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये असा सरकारचाच २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीत पुण्याहून गावी येणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, त्याने किती मोजले. कागदावर दोन्ही नियम आहेत. एसटी रस्त्यावर भक्कम असेल तरच ते नियम पाळायला खाजगी मालकाला भाग पडते, कारण प्रवाशाला दुसरीकडे जाता येते. एसटी गेली की चालकाला आणि प्रवाशाला, दोघांनाही नाही म्हणण्याची सोय उरत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेश लागतो. जळगाव जामोदच्या पलीकडे डोंगर उतरा आणि बऱ्हाणपूरकडच्या लोकांशी बोला. त्या राज्याने तोट्याचे कारण सांगून २००५ मध्ये आपले परिवहन महामंडळ बंद करायचे ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत ते संपले. फायद्याच्या रस्त्यांवर खाजगी गाड्या आल्या, आडवळणाची गावे उघड्यावर पडली. वीस वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाला सरकारी देखरेखीखाली बससेवा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घ्यावा लागला. इंग्लंडातही तेच झाले. १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरच्या बसगाड्या खाजगी कंपन्यांना मोकळ्या केल्या, आणि मँचेस्टरने २०२३ ते २०२५ या काळात त्या पुन्हा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या. मोडलेले पुन्हा उभे करायला त्यांना दशके लागली. आपल्या हातात अजून ते न मोडण्याची संधी आहे.

महाराष्ट्रात एसटी एका दिवसात बंद होणार नाही. ती तुकड्यातुकड्याने जाते आहे. २०१७ मध्ये शिवशाही आली तेव्हा भाड्याच्या गाड्या आणि ठेकेदाराचे चालक आले. मग भाडेतत्त्वावरच्या विजेच्या गाड्यांचे करार आले: ५,१५० गाड्यांचा करार झाला आणि गाड्या मात्र वेळेवर आल्या नाहीत. १,३१० गाड्या भाड्याने घेण्याचा व्यवहार तर मुख्यमंत्र्यांनाच थांबवावा लागला. मोक्याच्या बसस्थानकांच्या जागा दीर्घ मुदतीने खाजगी विकासकांकडे जाऊ घातल्या आहेत. स्वतःच्या गाड्या जुन्या होत चालल्या आणि एकूण ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. कोविडपूर्वी तो अठरा हजारांच्या घरात होता. ठेकेदाराचा चालक त्याच रस्त्यावर तेच काम करतो, पण त्याला ना एसटीची नोकरी, ना तिचा पगार. उद्या तो चुकला तर महामंडळ म्हणणार आमचा नाही, आणि ठेकेदार म्हणणार एसटीला विचारा.

एसटीच्या कारभारात खोट नाही असे मी म्हणत नाही. गाड्या मधेच बंद पडतात, खिडक्या लागत नाहीत, थांब्यावर हात दाखवला तरी काही चालक गाडी पुढे काढतात, विद्यार्थ्यांना पास आहे म्हणून मागे टाकतात. हे चूक आहे आणि त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण पासवाल्या पोरांनी उत्पन्न येत नाही, हे चालकाच्या डोक्यात भरवले कुणी? किलोमीटरमागे उत्पन्नाचा तगादा वरून येतो, म्हणून खाली माणूस माणसाला टाळतो.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी निघाली तेव्हा बीबीला तिचा काही संबंध नव्हता. आपला वऱ्हाड मध्य प्रांतात होता, आणि पलीकडचे जालना निजामाच्या राज्यात. या तिन्ही मुलुखांच्या वाहतूक सेवा पुढे महाराष्ट्र झाल्यावर एका लाल गाडीत आल्या. मराठी मुलुख एक झाल्याची खूण आपल्या आजोबांनी नकाशावर पाहिली नाही, त्यांनी ती मेहकरहून सुटून जालन्याला न बदलता पोचणाऱ्या गाडीत पाहिली. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद तिच्यावर लिहिलेले आहे, आणि आजही रोज पन्नास लाखांहून अधिक माणसे तिच्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडतात.

म्हणून बीबीकरांनो, किनगाव जट्टू, सोमठाणा, सुलतानपूर आणि आसपासच्या सगळ्या गावकऱ्यांनो, ही कामे आपणच करायची आहेत.

येत्या ग्रामसभेत एसटीचा विषय घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जी पुढची सभा असेल त्या सभेत. ठराव लिहा: लोणार तालुक्याला स्वतंत्र आगार द्या, शाळेच्या वेळेच्या आणि मुक्कामी फेऱ्या भारमानाच्या नावाखाली बंद करू नका, सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला दर महिन्याला द्यावेत, कर्मचाऱ्यांचा कापलेला निधी व्याजासह भरावा, चालक-वाहकांची कायम भरती करावी आणि विलीनीकरणाचा प्रश्न पुन्हा उघडावा. ठरावाची प्रत विभाग नियंत्रकांना, परिवहन मंत्र्यांना आणि आपल्या आमदारांना पोचती करा आणि पोच घ्या. माहितीच्या अधिकारात मेहकर आगाराला विचारा, गेल्या वर्षभरात आपल्या मार्गावरच्या किती फेऱ्या रद्द झाल्या आणि कारण काय लिहिले. दहा रुपयांचा अर्ज आहे, आणि उत्तर लेखी मिळते. शाळांच्या मुख्याध्यापकांनी गाडीअभावी गैरहजर राहिलेल्या मुलींची नोंद ठेवावी, ती ठरावाला जोडावी.

आणि मुक्कामी गाडी जिथे थांबते त्या प्रत्येक ग्रामपंचायतीने चालक-वाहकांसाठी एक खोली, दोन पलंग, पंखा, नळ आणि संडास द्यावा. समाजमंदिराची एक खोली पुरे. यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी त्यांचा पगार अर्धा आला किंवा ते आंदोलनाला बसले, तर गावाने त्यांना विचारायला जावे, सोबत बसावे, आणि तहसीलदारांना निवेदन देताना प्रवासी म्हणून आपले नाव त्यांच्या नावाशेजारी लिहावे. आतापर्यंत त्यांनी एकट्याने लढून पाहिले, आपण एकट्याने वाट पाहून पाहिली. या ग्रामसभेला या, आणि येताना शेजारच्या बाईलाही सोबत आणा, कारण थांब्यावर सर्वात जास्त वेळ तीच उभी असते.